मतदानाआधी परीक्षा? मग पेपर कोण तपासणार, तेही सांगा
(अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळी, नमस्कार.

"आम्ही अभ्यास करून, परीक्षा देऊन नागरिक झालो. इथे जन्मलेल्यांना सरकारच्या तीन शाखा धड सांगता येत नाहीत आणि त्यांना मत मात्र फुकट!" ही तक्रार आपल्याकडे पंगतीत हमखास ऐकू येते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरलेल्या विवेक रामस्वामींनी तर तिचा प्रस्तावच केला. मतदानाचं वय २५ करायचं. त्याआधी मत हवं असेल तर नागरिकत्वाची परीक्षा उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर सैन्यात किंवा आपत्कालीन सेवेत काम करायचं. अठराव्या वर्षी मताचा हक्क देणारी सव्विसावी घटनादुरुस्ती १९७१ ची आहे. ती बदलल्याशिवाय हे होणार नाही, म्हणून प्रस्ताव तिथेच थांबला. कल्पना मात्र थांबलेली नाही.

कल्पना जुनीही आहे. १८६१ मध्ये ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी सुचवलं होतं की नोंदणी करताना मतदाराकडून इंग्रजी पुस्तकातलं एक वाक्य उतरवून घ्यावं आणि त्रैराशिकाचं एक गणित सोडवून घ्यावं. (आज इथल्या किती इंजिनियरांना कॅलक्युलेटरशिवाय जमेल, ते विचारत नाही.)

जाणता मतदार बरा की अजाण, यावर वाद नाही. वाद परीक्षेच्या यंत्रणेवर आहे, आणि ती यंत्रणा या देशात प्रत्यक्ष चालवून झालेली आहे.

दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याच्या स्वतःच्या १८९० च्या घटनेत अट आली: मतदाराला घटनेचं कोणतंही कलम वाचता यावं, किंवा वाचून दाखवल्यावर त्याचा अर्थ सांगता यावा. अटीत वंशाचा उल्लेख नव्हता, म्हणून १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती चालवून घेतली. १९५४ मध्ये ती आणखी कडक झाली. आता वाचायचं, लिहायचं, अर्थ सांगायचा, शिवाय 'नागरिकत्वाची कर्तव्ये व जबाबदाऱ्या' आपल्याला समजतात हे दाखवायचं. म्हणजे आज आपण जिला नागरिकशास्त्राची परीक्षा म्हणतो, नेमकी तीच.

खरी मेख पुढे आहे. घटनेत २८५ कलमं. त्यातलं कोणतं विचारायचं ते नोंदणी कारकुनाने ठरवायचं आणि उत्तर बरोबर की चूक तेही त्यानेच. एकाला एका ओळीचं कलम, दुसऱ्याला करआकारणीचं पानभर. आणि १ जानेवारी १९५४ पूर्वी ज्यांची नोंदणी झाली होती, त्यांना नव्या अटीतून सूट. ते बहुतेक सगळे गोरे होते. कागदावर नियम सर्वांना एकच, पण परीक्षेला बसायचं ते आजवर बाहेर ठेवलेल्यांनी.

लुईझियाना राज्यातल्या अशाच परीक्षेचं प्रकरण १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या निकालात एक मासला नोंदवलेला आहे. राज्यघटनेतल्या एका कलमाचा अर्थ विचारल्यावर एका अर्जदाराने जे तीन शब्द लिहिले, त्यांतून 'फ्रीडम ऑफ स्पीच' म्हणायचं असावं असा तर्क करावा लागतो, इतकं स्पेलिंग भरकटलेलं. ते उत्तर मान्य झालं. झडतीविषयीच्या कलमाचा सरळ, शहाणा अर्थ लिहिणाऱ्याचा अर्ज मात्र नाकारला गेला. त्याच राज्याची १९६४ ची एक प्रश्नपत्रिका आजही बघायला मिळते: १० मिनिटांत ३० प्रश्न आणि एक चुकला तरी नापास. पहिलाच प्रश्न असा की या वाक्याच्या क्रमांकाभोवती किंवा अक्षराभोवती रेघ काढा. क्रमांकाभोवती की अक्षराभोवती? रेघ म्हणजे वर्तुळ चालेल का? तुम्ही काहीही काढलंत तरी तपासनिसाला ते चूक ठरवता येतं.

मतदान हक्क कायद्यावर ६ ऑगस्ट १९६५ रोजी सही झाली आणि या परीक्षा दक्षिणेत स्थगित झाल्या. १९७० मध्ये ती स्थगिती देशभर लागू झाली आणि १९७५ मध्ये कायमची बंदी आली. परिणाम आकड्यांत बघा. मिसिसिपीत कायद्याआधी मतदानयोग्य कृष्णवर्णीयांपैकी ६.७ टक्क्यांची नोंदणी होती. १९६७ मध्ये ती ५९.८ टक्के झाली. दोन वर्षांत तिथले लोक अचानक घटनातज्ज्ञ झाले नव्हते.

"पण आपली नागरिकत्वाची परीक्षा तशी नाही," असं कुणी म्हणेल. खरंच नाही, आणि का नाही ते बघण्यासारखं आहे. प्रश्न आणि मान्य उत्तरं आधी जाहीर असतात. परीक्षा तोंडी असते. नापास झालात तर ६० ते ९० दिवसांत दुसरी संधी मिळते. तरीही अर्ज नाकारला तर सुनावणी मागता येते. ६५ वर्षांवरच्या आणि २० वर्षं ग्रीनकार्ड असलेल्या आजी-आजोबांना फक्त २० प्रश्नांचा अभ्यास करायचा असतो आणि उत्तरं मराठीतून, दुभाष्यामार्फत देता येतात. हे सगळं असूनही नापास झालात तर रहिवासी म्हणून राहता, पुन्हा अर्ज करता. मताच्या परीक्षेत नापास झालेला माणूस मात्र तीच परीक्षा बदलू शकणारं मत गमावतो.

आणि ही जाहीर परीक्षासुद्धा सत्ताधाऱ्यांबरोबर हलते. २००८ पासून १०० प्रश्नांतले १० विचारत आणि ६ बरोबर लागत. डिसेंबर २०२० मध्ये १२८ प्रश्नांची नवी परीक्षा आली: २० विचारायचे, १२ बरोबर हवे. काही महिन्यांत ती मागे घेतली गेली. २० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना पुन्हा १२८ आणि २०. उत्तरंही बदलली. सिनेटर कुणाचं प्रतिनिधित्व करतो, याचं जुनं उत्तर होतं 'राज्यातल्या सर्व लोकांचं'. २०२० च्या आवृत्तीत ते झालं 'राज्यातल्या नागरिकांचं'. ग्रीनकार्डवाले त्यात बसतात की नाही, हा राजकीय प्रश्न झाला, आणि तो गुणपत्रिकेतून सोडवला गेला.

आता जरा आपल्या घरी डोकावू. शिकलेल्यांनाच मत, हा प्रयोग महाराष्ट्रात आजही चालू आहे. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधर मतदारसंघांच्या आहेत. पात्रतेच्या तारखेआधी, म्हणजे १ नोव्हेंबरआधी, पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत. यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते, त्यामुळे मागच्या खेपेला मत दिलं असलं तरी नमुना १८ हा नोंदणीचा अर्ज पुन्हा भरावा लागतो. कितीतरी पदवीधर इथेच गळतात. जे केंद्रावर पोहोचतात त्यांना पसंतीक्रम लिहायचा असतो, केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेनने, अंकात. मराठी, इंग्रजी, रोमन, कोणताही अंक चालतो. अक्षरांत 'एक' लिहिलं, बरोबरची खूण केली, सही केली, दोघांपुढे १ लिहिला किंवा १ लिहायचाच राहिला, तर मत बाद. आणि अशी मतं दर वेळी हजारोंनी बाद होतात, तीही पदवीधरांची! त्यांना नागरिकशास्त्र येत नाही असं नव्हे. त्या कागदाची रीत त्यांना कुणी नीट दाखवलेली नसते, एवढंच.

डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा सायमन कमिशनच्या काळातच, मुंबई प्रांताविषयीच्या १९२९ च्या स्वतंत्र अहवालात निकालात काढला होता. निरक्षर म्हणजे बुद्धिहीन, ही पहिली चूक. साक्षर म्हणजे आपोआप शहाणा, ही दुसरी. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते आणि देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास. निवडणूक आयोगाने मतदाराची परीक्षा घेतली नाही, पेटी सोपी केली. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर त्याचं चिन्ह. मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, खूणसुद्धा करायची नाही.

इथल्या मतदाराला जे ज्ञान खरोखर लागतं, ते १२८ प्रश्नांत नाहीच. कॅलिफोर्नियात विधिमंडळाने केलेला कायदा सार्वमताला आला, तर २०२३ पर्यंत 'हो' म्हणजे कायदा ठेवा आणि 'नाही' म्हणजे रद्द करा, असं होतं. कायद्याविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्या कितीतरी जणांना नेमकं उलटं वाटायचं. आता मतपत्रिकेवर थेट 'कायदा ठेवा' किंवा 'कायदा रद्द करा' असंच विचारतात. स्थानिक शाळांसाठी कर्ज काढण्याच्या रोख्यांना तिथे ५५ टक्के मतं पुरतात. हे सगळं राज्याकडून घरी येणाऱ्या मतदार माहितीपुस्तिकेत आणि काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) नमुना मतपत्रिकेत छापलेलं असतं, आणि ते पाकीट बहुतेक घरांत न उघडता जातं.

तेव्हा येत्या निवडणुकीआधी मंडळाच्या खोलीत दोन तास बसू. प्रत्येकाने आपल्या पत्त्याची नमुना मतपत्रिका आणायची. ती काउंटीच्या निवडणूक कार्यालयाच्या साइटवर मिळते. वरचं अध्यक्ष-गव्हर्नर सोडा, ते सगळ्यांना ठाऊक असतं. सुरुवात शेवटच्या पानापासून करू: शाळा मंडळ, पाणीपुरवठ्याचं मंडळ, रोखे. नागरिक असलेल्या ज्या आई-बाबांना इंग्रजी वाचता येत नाही, त्यांनाही आणा. मतदान हक्क कायद्याच्या कलम २०८ प्रमाणे त्यांना मतदानकक्षात आपल्या पसंतीचा मदतनीस नेता येतो. तो त्यांचा मालक किंवा युनियनचा प्रतिनिधी नसला म्हणजे झालं. मुलगा, सून, शेजारी, कुणीही चालतो. केंद्रावर कुणी अडवलं तर कलमाचा क्रमांक सांगा.