चाळीस टक्क्यांची भिशी

[दृश्य: क्राइस्टचर्चमधली राहत्या घरांची गल्ली. डांबराला भेगा, भेगांतून वर आलेला राखाडी गाळ.]

22 फेब्रुवारी 2011. मंगळवार. दुपारचे 12 वाजून 51 मिनिटं. न्यूझीलंडचं क्राइस्टचर्च शहर भूकंपाने हादरलं. 185 माणसं गेली. कोसळलेल्या इमारती साऱ्या जगाने पाहिल्या. आपण आज जमिनीखाली काय झालं ते बघू.

पाण्याने भिजलेली रेती हादऱ्यासरशी पातळ झाली आणि चिखल होऊन अंगणात, रस्त्यावर, घरातसुद्धा उसळून आली. त्या रेतीतून गेलेले सांडपाण्याचे नळ तुटले, वाकले, गाळाने चोंदले. 500 किलोमीटरहून अधिक लांबीचे नळ. भिंती शाबूत असलेल्या घरांतही संडास वापरता येईना. रस्तोरस्ती फिरती शौचालयं आली. कित्येकांनी परसात खड्डा खणून आडोसा केला. देशातल्या मोठ्या शहरांपैकी एकात लोक असे दिवस काढत होते.

हे नळ कुणाच्या मालकीचे? शहराच्या कौन्सिलच्या, म्हणजे आपल्याकडे महापालिका म्हणतो तिच्या. मग दुरुस्तीचा पैसा कुणी द्यायचा?

[दृश्य: उघडा चर, चिखलात उतरलेले कामगार, तुटलेला नळ.]

तिथली रीत अशी. नैसर्गिक आपत्तीत जमिनीखालच्या नळांचं नुकसान एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं, की त्यापुढच्या खर्चातले 60 टक्के केंद्र सरकार देतं. शहरांसाठी ही मर्यादा म्हणजे हद्दीतल्या मालमत्तांच्या निव्वळ भांडवली मूल्याच्या 0.0075 टक्के. उरलेले 40 टक्के कौन्सिलने उभे करायचे.

ऐकायला चाळीस टक्के फार वाटत नाहीत. पण काही हजार वस्तीच्या गावाचा विचार करा. एका रात्रीत सगळे नळ गेले, तर ते चाळीस टक्के त्या गावाच्या कित्येक वर्षांच्या घरपट्टीएवढे होतील. बाजारातल्या विमा कंपन्याही अशा मालमत्तेला हात लावायला कचरतात. डोळ्यांना न दिसणारा, जुना, मैलोन्मैल पसरलेला नळ; त्याची आजची किंमत काय आणि तो किती खराब झालाय, हे ठरवणार कसं?

म्हणून 1993 मध्ये तिथल्या स्थानिक संस्थांनी आपसात एक निधी काढला. लोकल ऑथॉरिटी प्रोटेक्शन प्रोग्रॅम, थोडक्यात लॅप. दरवर्षी प्रत्येक सदस्य कौन्सिलने वर्गणी भरायची आणि ज्याच्यावर आपत्ती येईल त्याचे चाळीस टक्के या निधीतून द्यायचे. आपल्या भिशीसारखंच, पण एक मोठा फरक आहे. भिशीत प्रत्येकाचा नंबर लागतो. इथे आपला नंबर कधीच लागू नये, हीच प्रत्येकाची इच्छा.

निधीवर ताण येऊ नये म्हणून त्यावर पुनर्विमाही घेतलेला होता. म्हणजे विमा देणाऱ्याचाच विमा.

आणि मग क्राइस्टचर्च. आधी 4 सप्टेंबर 2010 च्या पहाटे 7.1 तीव्रतेचा भूकंप, आणि सहा महिन्यांच्या आत फेब्रुवारीचा. लॅपने आपला शब्द पाळला, पण तसं करताना निधी रिकामा झाला. एका सदस्याच्या दुखण्यात सगळ्यांची शिल्लक संपली.

माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात अवघड क्षण हाच. नळांची दुरुस्ती इंजिनिअर करतील. काही वर्षांत त्यांनी ती केलीही. पण आता बाकीच्यांनी काय करायचं? निधी पुन्हा भरायचा तर वर्गणी वाढणार. पुनर्विमा महागलेला. काही कौन्सिल बाहेर पडल्या. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण घरपट्टी वाढवली की मतदारांपुढे त्यांनाच उभं राहायचं असतं. तरीही जे थांबले, त्यांच्यामुळे लॅप टिकला, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं.

[दृश्य: नेपियरचा समुद्रकिनारा, किनाऱ्यालगतच्या इमारती.]

बाहेर पडलं की सुटलो, असंही नेहमी होत नाही. याच देशात 1997 मध्ये रिस्कपूल नावाचा दुसरा निधी सुरू झाला. हा नळांसाठी नव्हता, कौन्सिलवर होणाऱ्या दाव्यांसाठी होता. त्या काळात बांधलेल्या हजारो घरांच्या भिंतींत पाणी मुरत होतं. लाकूड कुजत होतं. बिल्डर कंपनी गुंडाळून मोकळा व्हायचा. बांधकामाला परवानगी देऊन तपासणी करणारी कौन्सिल मात्र जागच्या जागी असायची. मग भरपाईचा बोजा तिच्यावर यायचा.

पुढे रिस्कपूलने पाणी मुरण्याचे दावे वगळले. पण एकाच इमारतीत पाणीही मुरतंय आणि आगीपासून बचावाची व्यवस्था नि सांगाडाही सदोष आहे, तर? नेपियर शहराच्या कौन्सिलने हा प्रश्न कोर्टात नेला. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेपियरच्या बाजूने कौल दिला: पाणी मुरण्याचा भाग वेगळा काढा, बाकीच्या दोषांना संरक्षण आहे.

नेपियरला न्याय मिळाला. पण रिस्कपूलच्या तिजोरीत ते पैसे होते कुठे? नियमाप्रमाणे त्या-त्या वर्षी जे सदस्य होते, त्यांच्याकडेच जादा वर्गणी मागायची. मधल्या काळात ते सोडून गेले असले तरी.

[दृश्य: एका कौन्सिलचा वार्षिक अहवाल. बोट एका टिपेवर थांबतं.]

आज तिथल्या अनेक कौन्सिलच्या वार्षिक अहवालांत, शेवटच्या पानांवर, ही टीप सापडते: आम्ही पूर्वी रिस्कपूलचे सदस्य होतो, आमच्याकडे आणखी रकमेची मागणी होऊ शकते. आज नव्याने घर घेऊन पहिली घरपट्टी भरणाऱ्यालाही वीस वर्षांपूर्वीच्या, दुसऱ्या गावातल्या सदोष इमारतीसाठी थोडं द्यावं लागू शकतं. आणि त्या इमारतीची भरपाई देणाऱ्या कौन्सिलला पैसे मिळतील, ते त्यातूनच.