पाऊल हललं नाही, रेघ हलली

(पडदा काळा. फक्त आवाज.)

टक्.

काही सेकंद जातात. पुन्हा, टक्.

(दृश्य: खुर्चीत बसलेला माणूस, मज्जारज्जूला इजा झालेला. कानांत बोळे. डोक्याच्या मध्यावर धरलेली कॉइल.)

चष्म्याच्या भिंगांसारखी शेजारी शेजारी दोन वेटोळी, मध्ये किंचित दुमडलेली. कॉइल डोक्याला नुसती टेकवली आहे. सुई नाही, भूल नाही. आतल्या तारेतून मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ जोरदार प्रवाह सुटतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र कवटीपलीकडे पोचतं. विजेला हाड अडवतं, चुंबकीय क्षेत्राला नाही. बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं वीज निर्माण होते, हे फॅरेडेनं १८३१ मध्ये तारेच्या वेटोळ्यांत दाखवलं. इथे ती निर्माण होते मेंदूत.

कॉइल दुमडलेली का? हाताचा ताबा ठेवणारा भाग मेंदूच्या बाजूला, वरवर आहे. पायाचा भाग दोन्ही गोलार्धांमधल्या फटीत, खोल दडलेला. तिथवर पोचायला ही दुमड.

मज्जारज्जू शाबूत असता, तर या ठोक्याला पाऊल टचकन उडालं असतं. याचं जागचं हललं नाही.

(दृश्य: स्क्रीन, जवळून.)

पण नडगीलगतच्या स्नायूवर, त्यातली वीज टिपणारे इलेक्ट्रोड चिकटवलेले आहेत. स्क्रीनवरच्या सपाट रेघेला एक बारीकसा उंचवटा आलाय.

मज्जारज्जूला इजा झाली, की पहिली तपासणी हातानं होते. ‘पाऊल वर घ्या,’ डॉक्टर सांगतात. ताकदीला ० ते ५ गुण. मग टाचणी टोचते का, कापसाचा स्पर्श कळतो का. जगभर हीच रीत आहे, आणि तिला पर्याय नाही. पण गुण देणार शेवटी डोळा आणि बोट. स्नायू आकसलेला दिसला नाही, हाताला लागला नाही, की शून्य. या एकाच शून्यात दोन वेगळे रुग्ण असू शकतात. एकाचे मेंदूकडून येणारे सगळे तंतू तुटलेले. दुसऱ्याचे मोजके उरलेले, फक्त पाऊल उचलायला अपुरे.

हा फरक मोजायची सोय फार जुनी नाही. १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन या संशोधकांनी कवटीवरून थेट विजेचा झटका देऊन स्नायू हलवून दाखवला. जमलं, पण दुखायचं. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी तेच काम चुंबकानं केलं. तेव्हापासून जाग्या माणसावर ही तपासणी फारशी न दुखवता करता येऊ लागली.

(दृश्य: रेघेवर सरकणारा कर्सर.)

आता हिशोब. मेंदूवरच्या ठोक्यापासून नडगीच्या स्नायूपर्यंत संदेश पोचायला निरोगी माणसात साधारण २८ मिलिसेकंद लागतात. उंच माणसाला थोडे जास्त. मग कॉइल कमरेवर ठेवून तिथून पायापर्यंतचा वेळ मोजायचा. तो साधारण १४. वजा केलं, की उरतो मेंदू ते कंबर हा प्रवास, आणि आपल्याला हवा असतो तोच. इजेनंतर हा वेळ वाढतो, कारण वाचलेल्या तंतूंवरचं, संदेश वेगानं जाऊ देणारं मायलिनचं वेष्टण अनेकदा खराब झालेलं असतं. उंचवटाही खुजा होतो आणि तो मिळवायला ठोका जास्त जोराचा द्यावा लागतो.

यंत्र लहरी आहे म्हणा, किंवा मेंदू. त्याच जागी, त्याच जोरानं दिलेल्या दोन ठोक्यांना सारखं उत्तर मिळत नाही. म्हणून बरेच ठोके द्यायचे आणि सरासरी काढायची. रेघ सपाट राहिली म्हणजे सगळं संपलं, असं लगेच म्हणायचं नाही; पेशी जाग्या व्हायला आणखी जोर लागत असेल, औषधांचा परिणाम असेल. आणि उंचवटा दिसला म्हणून चालण्याचं वचन द्यायचं नाही. घाई दोन्हीकडून होते. उंचवटा दिसल्यावर तर फारच. शिवाय ही तपासणी वरून खाली येणाऱ्या हुकमांची. पायाकडून वर जाणाऱ्या संवेदनांसाठी वेगळी चाचणी लागते. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी बसवलेलं यंत्र) असेल, तर सहसा ही करतच नाहीत.

(दृश्य: पुन्हा खुर्ची.)

“आता पाऊल वर घ्यायचा प्रयत्न करा. हललं नाही तरी चालेल, जोर लावा.”

त्याचा जबडा आवळला जातो. कपाळावर शीर दिसते.

टक्.

पाऊल तिथंच. रेघेवरचा उंचवटा मात्र मघापेक्षा मोठा.

“स्क्रीन जरा इकडे वळवता का?” तो विचारतो.