मान्यतेची तार

[पडद्यावर: 1949 चा चीनचा नकाशा. नानकिंग, कॅन्टन, पेकिंग.]

1 ऑक्टोबर 1949. पेकिंगमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, माओंनी नव्या राजवटीची घोषणा केली. त्याच दिवशी नवे पंतप्रधान चौ एन-लाय यांचं, राजनैतिक संबंध जोडायला हवेत असं सांगणारं पत्र तिथल्या परदेशी कॉन्सुलांकडे (वाणिज्य दूतांकडे) निघालं. राजदूतांकडे का नाही? त्यांच्या कचेऱ्या जुन्या राजधानीत, नानकिंगला. गंमत अशी की त्याच वर्षी चँग कै-शेकच्या कुओमिंतांग पक्षाचं जुनं सरकार कॅन्टनला हललं, तेव्हा त्याच्यामागे गेला तो सोव्हिएत राजदूत. अमेरिकेचा नानकिंगलाच थांबला. नव्या सरकारला दुसऱ्याच दिवशी मान्यता दिली ती मात्र मॉस्कोने.

बाकीच्यांनी कायद्याची पुस्तकं उघडली. लंडनची कसोटी सरळ होती: बहुतेक मुलुखावर ताबा कोणाचा, आणि तो टिकेल का? वॉशिंग्टन आणखी एक अट घालत होतं: जुने करार पाळणार का? त्यात ईशान्य चीनमधल्या मुक्देनचा अमेरिकी कॉन्सुल वर्षभर कम्युनिस्टांच्या नजरकैदेत. तिथे बोलणं खुंटलं.

दिल्लीत पटेल आणि राजाजी म्हणत होते, घाई नको. नेहरूंना जानेवारीतल्या राष्ट्रकुलाच्या कोलंबो परिषदेआधी हे उरकायचं होतं. नंतर मान्यता दिली असती, तर ती राष्ट्रकुलाच्या पंगतीत बसून दिल्यासारखी दिसली असती. ब्रह्मदेशाची मान्यता 16 डिसेंबरची, भारताची 30 डिसेंबरची, ब्रिटनची 6 जानेवारी 1950 ची.

[पडद्यावर: एक तार. मग रिकामी खुर्ची.]

गल्लत होते ती इथे. मान्यता एकतर्फी देता येते; राजनैतिक संबंधांना दोघांची संमती लागते. पेकिंगने क्रम बांधून दिला होता: आधी कुओमिंतांगशी नातं तोडा, मग वाटाघाटी, मग राजदूत. आणि नातं खरंच तुटलंय का, हे ते बारकाईने तपासत.

फेब्रुवारीत ब्रिटनचे हचिसन प्रभारी राजदूत म्हणून, म्हणजे पूर्ण राजदूताच्या खालच्या दर्जाने, पेकिंगला पोचले. यजमानांच्या लेखी ते नुसते ‘वाटाघाटींसाठी आलेले प्रतिनिधी’. त्यांच्यापुढे प्रश्न आले. 13 जानेवारीला सुरक्षा परिषदेत कुओमिंतांगच्या प्रतिनिधीला हटवण्याच्या ठरावावर तुम्ही तटस्थ का राहिलात? कुओमिंतांग सरकार आता जिथे आहे त्या तैवानच्या तामसुईत तुमची कॉन्सुल कचेरी अजून उघडी कशी? आणि हाँगकाँगच्या काई ताक विमानतळावर अडकलेली चिनी विमान कंपन्यांची 71 विमानं आता कोणाची? लंडनचं उत्तर, तामसुईची कचेरी फक्त प्रांतिक अधिकाऱ्यांशी व्यवहार करते. कायद्याने बरोबर असेलही. पेकिंगला पटलं नाही. विमानांचा खटला तर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, चढला आणि 1952 मध्ये निकाल, ती कुओमिंतांगकडून विकत घेतल्याचं सांगणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या बाजूने लागला.

त्याच 13 जानेवारीच्या ठरावाला फक्त तीन मतं मिळाली होती: सोव्हिएत संघ, युगोस्लाव्हिया आणि भारत. 1 एप्रिलला भारत–चीन संबंध प्रस्थापित झाले, मे महिन्यात सरदार पणिक्करांनी पेकिंगमध्ये अधिकारपत्रं सादर केली. याआधी ते नानकिंगला, चँग कै-शेकच्या सरकारकडे राजदूत होते.

ब्रिटनला प्रभारी राजदूताची पायरी गाठायला 1954 उजाडलं. दोन्हीकडे पूर्ण राजदूत नेमायचं ठरलं 13 मार्च 1972 ला. त्याच समझोत्यात तामसुईच्या कचेरीला कुलूप लागलं.