रस्ता खालून फाटतोय

हे गोल पातं फिरतंय ना, हा कोर कटर, पाणी सोडत सोडत डांबराच्या थरात उतरतोय... आणि हा बघा, रस्त्याचा गोल तुकडा, म्हणजे कोर, आला बाहेर. वरून अगदी धडधाकट. आता उलटा करा. खालून भेग चढलीय, वरपर्यंत अजून पोचलेली नाही, म्हणून गाडीवरून जाणाऱ्याला काहीच कळत नाही.

चाक गेलं की थर किंचित वाकतो, तळाला ताण बसतो, परत सरळ होतो. तार वाकवून वाकवून तुटते तसंच हे, इंजिनियर लोक याला फटीग म्हणतात.

आता लॅब. ही डांबर-खडीची पट्टी ३८ सेंटिमीटर लांब, ६.३ रुंद, ५ उंच. चार ठिकाणी क्लॅम्प लावून, २० अंशाच्या कपाटात ठेवून सेकंदाला १० वेळा वाकवतात, थांबायचं नाव नाही, म्हणजे १० लाख वेळा वाकवायला २८ तासही लागत नाहीत. ताठपणा निम्मा झाला की पट्टी संपली असं धरतात. आणि रस्ता? आयआरसी ३७, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसची डांबरी रस्ते डिझाईन करायची मार्गदर्शिका, तिच्यात २० टक्के भागात भेगा पडल्या की रस्ता थकला असं माप आहे. दोघांची मापंच वेगळी!

शिवाय रस्त्याला उसंत मिळते. दोन गाड्यांच्या मधे डांबर सावरतं, उन्हात बारीक भेगा सांधतात, सगळी चाकं एकाच रेषेवरून जात पण नाहीत. म्हणून रस्ता पट्टीपेक्षा कितीतरी जास्त टिकतो, आणि लॅबच्या आकड्याला गुणक लावूनच डिझाईन करतात.

पण तो गुणक आमच्या निपाणी-संकेश्वरकडच्या उसाच्या ट्रॉल्या बघून ठरलेला नाही हो. ही रात्रीची लाईन बघा, संपतच नाही. एक्सलवरचा भार दुप्पट झाला तर नुकसान साधारण १६ पट होतं. आणि हा खानापूरचा पाऊस. भेगेत पाणी शिरलं की खडीवरचं डांबर सुटतं, लॅबच्या त्या पट्टीने पाणी बघितलेलंच नसतं.

मग खड्डे, पडणारे टू-व्हीलरवाले, अडकलेली अँब्युलन्स.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, लॅबचा रिपोर्ट फाईलला लावा पण दर पावसाळ्यानंतर कोर पण काढा. हा आता लॅबला चाललाय. गोल आहे, यातून ३८ सेंटिमीटरची पट्टी निघणार नाही, म्हणून आडवा ठेवून वरून दाबतात, मधून उभा फाटेपर्यंत. हा बघा, ठेवला.