पार्किंगपासून चंद्रपूरपर्यंत

(दृश्य : पुण्यातल्या एका सोसायटीचं पार्किंग. रात्रीची वेळ. खांबावर सॉकेट, बाजूला उभी इलेक्ट्रिक गाडी.)

गाडी बुक करण्याआधी एक काम करा. मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगच्या खांबापर्यंत टेप धरून अंतर मोजा. मोठ्या सोसायटीत ते सहज साठ मीटर भरतं, आणि पुढचा बराचसा त्रास त्या साठ मीटरमध्येच असतो.

आपण ३० किलोवॅट-तासांच्या, म्हणजे ३० युनिटच्या, बॅटरीची गाडी धरू. २० टक्क्यांपासून पूर्ण भरायला मीटरवर साधारण २७ युनिट पडतात. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर त्याला आठ-नऊ तास लागतात. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला सहा युनिट पुरतात, म्हणजे दोन तासांचं काम.

घरातला गिझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडी जवळपास तेवढाच करंट तासन्‌तास ओढत राहते. म्हणून गिझरला वर्षानुवर्षं पुरलेला सॉकेट इथे महिन्याभरात काळा पडतो. इंडस्ट्रियल सॉकेट बसवा, त्याचे स्क्रू घट्ट आवळून घ्या, आणि पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासाच्या चार्जिंगनंतर प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर चार्जिंग तिथेच थांबवा.

(दृश्य : वायरमन केबल सोलतो आहे.)

साठ मीटरसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली, तर पंधरा अँपिअरला तेरा व्होल्ट वाटेतच पडतात. म्हणजे सुमारे २०० वॅट नुसती वायर तापवण्यात जातात. चार चौरस मिलिमीटर घेतली तर ही घट आठ व्होल्टवर येते. सहाची घेतली तर उत्तमच. स्वतंत्र एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, हवा. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळू लागला की वीज तोडणारा स्विच, हवा, आणि तो टाइप ए प्रकारचा असावा. जुन्या घरांतला टाइप एसी गाडीच्या चार्जरची गळती ओळखेलच याची खात्री नसते.

यानंतर अर्थिंग. एप्रिल-मे महिन्यांत अनेकांची गाडी अचानक चार्ज व्हायची थांबते. बिघाड बहुतेक वेळा गाडीत नसतो. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती वाळलेली असते, तिचा रोध वाढतो, आणि चार्जर वीज घ्यायला नकार देतो. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. जास्त आला तर खड्ड्यात पाणी सोडा, तेवढ्यानं भागलं नाही तर खड्डा नव्यानं भरून घ्या. अर्थिंगचा इशारा गप्प करणारी जुगाडं बाजारात मिळतात. ती वापरू नका. ओल्या फरशीवर उभं राहून गाडीच्या दाराला हात लावणाऱ्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे.

(दृश्य : बोरघाट. चढणारी वाहनं.)

खोपोलीहून खंडाळा गाठताना सोळाशे किलोची गाडी जवळपास पाचशे मीटर वर चढते. त्यासाठी नेहमीच्या खर्चावर सुमारे अडीच युनिट जास्त लागतात, म्हणजे सपाटीवरचे सोळा-सतरा किलोमीटर. उतरताना मोटर जनित्रासारखी फिरते आणि त्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग बॅटरीत परत येतो. पण लोणावळ्याला बॅटरी काठोकाठ भरून निघालात, तर परत येणारी वीज ठेवायला जागाच उरत नाही. मग सगळा भार ब्रेकवर येतो. मुंबईकडे उतरायचं असेल तर नव्वद टक्क्यांवर प्लग काढा.

(दृश्य : चंद्रपूरचं कोळशावर चालणारं औष्णिक वीज केंद्र, उंच धुराडी.)

आता ती वायर उलट दिशेनं धरून चालू. एक टोक पार्किंगमध्ये, दुसरं इथे, २९२० मेगावॅटच्या चंद्रपूर केंद्रात. देशाच्या ग्रिडमधल्या, म्हणजे सगळी वीज केंद्रं जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यातल्या, एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. गाडीला किलोमीटरमागे ०.१५ युनिट लागतं. तारांमधली गळती आणि कोळसा खाणीतून आणण्याचा भार धरला, तर किलोमीटरला सुमारे १३० ग्रॅम. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी, शुद्धीकरणासकट, १८५ ग्रॅमच्या आसपास. बचत ५५ ग्रॅम.

बॅटरी बनवताना मात्र आधीच दोन ते तीन टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. अडीच टन धरले, तर तो फिटायला ४५ हजार किलोमीटर लागतात. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर पळणारी टॅक्सी किंवा नोकरदाराची गाडी हे कर्ज तीन वर्षांत फेडते. रविवारी मंदिरापर्यंत जाणारी, वर्षाला पाच हजार किलोमीटर पळणारी गाडी नऊ वर्षं घेते. घरात अशी धडधाकट पेट्रोल गाडी असेल, तर पर्यावरणासाठी म्हणून ती विकून नवी इलेक्ट्रिक घेण्यात अर्थ नाही. शहराच्या हवेचा हिशेब वेगळा. सिग्नलला उभ्या असलेल्या दुचाकीस्वाराच्या नाकात धूर जात नाही, हा फायदा पहिल्या दिवसापासून आहे.

(दृश्य : ऑफिसचं पार्किंग, वर सौर पॅनेल.)

५५ ग्रॅमचा आकडा तुम्ही स्वतः वाढवू शकता. दुपारी ग्रिडमध्ये सौर वीज मुबलक असते, रात्री भार बराचसा कोळशावर असतो. म्हणून चार्जिंगचा पॉइंट घराइतकाच ऑफिसमध्येही हवा. छतावरचा एक किलोवॅटचा पॅनेल कोरड्या दिवशी चारेक युनिट देतो. रोजच्या चाळीस किलोमीटरला दीड किलोवॅट पुरतं. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन बरंच घटतं, तेव्हा ग्रिडची वीज घ्यावीच लागते.

आणि शेवटी ती बॅटरी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत निकेल-कोबाल्ट नसतं, त्यामुळे भंगारात तिला भाव कमी, आणि ती कुठेतरी उघड्यावर फोडली जाण्याचा धोका जास्त. गाडी मोडीत काढताना नोंदणीकृत केंद्रातच द्या, आणि बॅटरी पॅकचा क्रमांक असलेली पावती मागून घ्या.