छिद्र सापडलं नाही, तरी उजवी बाजू का फुगली?

श्रोतेहो, नमस्कार.

ऊसतोडीला जाणारी पस्तिशीतली बाई. मोळी डोक्यावर घेऊन शिडीनं ट्रकवर चढताना धाप लागते, छातीत धडधडतं. रक्त कमी म्हणून गोळ्या होतात, हिमोग्लोबिन सुधारतं, धाप तशीच. मग बीडला नाहीतर परभणीला टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होतो. रिपोर्ट येतो: हृदयाची उजवी बाजू मोठी, छिद्र आढळलं नाही. इथं थांबू नका, हृदयाच्या एमआरआयबद्दल विचारा. उजवी बाजू उगाच फुगत नाही.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः छिद्र असू शकतं. त्यातून डावीकडचं रक्त उजवीकडं येत राहतं, म्हणून उजवी बाजू फुगते. मधोमध असलं तर इकोत बहुधा सापडतं. पण डोक्याकडून येणारी मोठी शीर जिथं उघडते, त्या कोपऱ्यातलं छिद्र छातीवरून केलेल्या इकोत निसटतं. फुप्फुसातली हवा आड येते. त्यात उजव्या फुप्फुसाची एखादी शीरही बऱ्याचदा भलत्याच ठिकाणी जोडलेली असते. एमआरआयमध्ये हे दोन्ही दिसतं, तेही क्ष-किरणांशिवाय.

आणि एमआरआय रक्त मोजतो. समजा, फुप्फुसाकडं मिनिटाला 9 लिटर जातंय आणि महाधमनीतून अंगाला 5. नऊ भागिले पाच, 1.8. निरोगी माणसात हा आकडा 1 च्या आसपास असतो. 1.5 च्या वर गेला तर छिद्र बंद करायचा विचार होतो, मात्र फुप्फुसातला दाब किती चढलाय ते पाहूनच. या मोजणीला इंजेक्शन लागत नाही. पण यंत्रात वेगाची मर्यादा कमी ठेवली, तर जोरात वाहणारं रक्त उलटं जातंय असं दिसतं आणि आकडा फसतो. मर्यादा वाढवून पुन्हा मोजावं लागतं.

तपासणीला पाऊण-एक तास लागतो. श्वास सोडून 10 ते 15 सेकंद रोखायचा, असं पुन्हा पुन्हा. दर वेळी सारखाच सोडला नाही, तर हृदयाच्या चित्रांचे काप एकमेकांशी जुळत नाहीत आणि कप्प्याचं माप चुकतं. म्हणून घरीच सराव करून या. नाडी अनियमित असेल तर चित्र पुसट येतं.

मंगळसूत्र, जोडवी, कंबरेची चुन्याची डबी, सगळं बाहेर. लहानपणच्या ऑपरेशनच्या छातीतल्या तारा सहसा आड येत नाहीत. पेसमेकर असेल तर आधीच सांगा. जुनं डिस्चार्ज कार्ड सोबत आणा.

मणक्याचा एमआरआय करणारं प्रत्येक सेंटर हृदयाचा करतंच असं नाही. आधी फोन करा, दोनच प्रश्न विचारा: हृदयाचा एमआरआय करता का? रक्तप्रवाह मोजून देता का? दुसऱ्याला नाही म्हणाले, तर तिथं पैसे घालू नका.