कागद आजचे, आजार कधीचा?

(दृश्य: ठाण्यातलं एक डायलिसिस सेंटर, सकाळचा पहिला स्लॉट. खुर्चीशेजारी टेकवलेली जाड फाइल.)

ठाणे, कळवा, ऐरोली, पनवेल. या पट्ट्यात स्थायिक झालेल्या माजी सैनिकांपैकी ज्यांना किडनीचा आजार आहे, त्यांची फाइल बहुधा चांगलीच जाड असते. सोनोग्राफी, डायलिसिसच्या नोंदी, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची रेफरल पत्रं, महिन्यामहिन्याचं क्रिएटिनिन (किडनी खराब झाली की रक्तात वाढणारा घटक). तरीही डिसेबिलिटी पेन्शनचं, म्हणजे सेवेमुळे झालेल्या किंवा बळावलेल्या आजारासाठीच्या पेन्शनचं, अपील फेटाळलं जातं. कारण हे सगळे कागद किडनी आज किती खराब आहे तेवढंच सांगतात. अपिलात प्रश्न वेगळा असतो: ती बिघडायला लागली केव्हा, आणि तेव्हा हा जवान कुठे तैनात होता?

(दृश्य: रिलीज मेडिकल बोर्डाचा, म्हणजे निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाचा फॉर्म, एएफएमएसएफ-१६. ‘आजार सुरू झाल्याची तारीख व ठिकाण’ या रकान्यावर बोट.)

बोर्ड या रकान्यात सहसा निदानाची तारीख लिहितं. निदान पुण्यात झालं असेल, तर पुढे येतं: पीस स्टेशन (शांत भागातली तैनाती), सेवेशी संबंध नाही. इथेच अपिलाला जागा आहे. किडनीची निम्मी ताकद गेली तरी माणूस परेडला उभा राहू शकतो. पायावर सूज आणि धाप येते ती फार उशिरा. म्हणजे निदान पुण्यातलं असलं, तरी सुरुवात त्याआधीच्या पोस्टिंगमध्ये झालेली असू शकते. मात्र ‘असू शकते’ एवढ्यावर कोणी पेन्शन देत नाही. कागद लागतो.

तो कागद दोन ठिकाणी सापडतो. वार्षिक वैद्यकीय तपासणीत लघवीचा रिपोर्ट असतो. ‘प्रोटीन प्लस वन’ (लघवीतून प्रथिन जातंय, किडनी बिघडत असल्याची खूण) अशी जुनी नोंद मिळाली तर ती सोन्यासारखी. दुसरी जागा म्हणजे आर्मी हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप. समजा, ३८ व्या वर्षी क्रिएटिनिन १.६ लिहिलंय आणि शेरा आहे ‘किंचित वाढ’. वय धरून ईजीएफआर (किडनीची गाळण्याची क्षमता) काढला तर तो ५६ च्या आसपास येतो. ६० च्या खालची पातळी तीन महिन्यांहून जास्त टिकली, की तो क्रॉनिक किडनी डिसीजचा तिसरा टप्पा. ‘किंचित’ नाही. म्हणून तीन महिन्यांनंतरचा दुसरा रिपोर्टही शोधायचा.

(दृश्य: वाशी खाडीपूल, पलीकडे मानखुर्द.)

हे कागद मागायचे रेकॉर्ड ऑफिसकडून. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, तोफखाना असेल तर नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्स असेल तर खडकी. नौसैनिकांचं ब्युरो ऑफ सेलर्स मानखुर्दच्या चीता कॅम्पात, नवी मुंबईकरांना पूल ओलांडला की आलंच. माहिती अधिकाराचा अर्ज, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘माझी सर्व वैद्यकीय कागदपत्रे’ असं मोघम लिहू नका. एएफएमएसएफ-१६, कॅटेगरीच्या (आजारामुळे वैद्यकीय श्रेणी खाली आणणाऱ्या) बोर्डाचा एएफएमएसएफ-१५, तज्ज्ञाचं मत, प्रत्येक वर्षाची तपासणी, असं नाव घेऊन मागा. अर्जाचा मसुदा जमत नसेल तर ठाण्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे.

(दृश्य: नेफ्रॉलॉजिस्टचं लेटरहेड.)

मग डॉक्टरांचं पत्र. ‘रुग्ण माझ्याकडे उपचार घेत आहे’ या पत्राचा उपयोग शून्य. पत्रात नेमकं निदान हवं: आयजीए नेफ्रोपॅथी, उच्च रक्तदाबामुळे झालेला किडनीविकार, जे असेल ते. निदान कशावरून केलं, बायोप्सी झाली का, जुने रिपोर्ट पाहून सुरुवात साधारण कोणत्या वर्षाची वाटते, आणि का, हेही लिहिलेलं हवं. रक्तदाबाला सेवेत कॅटेगरी लागली असेल, तर रक्तदाबातून किडनी ही साखळी डॉक्टरांनीच जोडलेली बरी. नेफ्रायटिस (किडनीचा दाह) असेल तर डिसेबिलिटी पेन्शनच्या १९८२ च्या नियमांच्या परिशिष्टात तो हवामानाचा परिणाम होणाऱ्या आजारांत धरला आहे. पॉलिसिस्टिक किडनी मात्र सहसा आनुवंशिक असते. तिथे ‘सेवेमुळे झाला’ म्हणून भांडण्यात वेळ घालवू नये. ‘सेवेमुळे बळावला’ हा मुद्दा घ्यावा, आणि त्यासाठी कॅटेगरी लागल्यानंतरच्या ड्यूटीची नोंद दाखवावी.

निवृत्तीची तारीख आधी पाहा. १ जानेवारी २००८ नंतर निवृत्त झालेल्यांना २००८ चे नियम, २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे. धरमवीर सिंग खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २ जुलै २०१३ चा निकाल सगळेच जोडतात: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर गृहीतक जवानाच्या बाजूने, आणि बोर्डाने कारणं द्यायला हवीत. निकाल भक्कम आहे, पण तो १९८२ च्या नियमांवरचा. समोरचा वकील नेमकं तेच सांगतो. २००८ च्या नियमांत निवृत्तीनंतर १५ वर्षं उलटून दावा केला, तर सिद्ध करण्याचा भार दावेदारावरच येतो.

(दृश्य: ग्राफिक. ४०,००० – ३० टक्के – १२,०००.)

पैशांचा हिशेब असा. शेवटचं वेतन ४०,००० असेल तर १०० टक्के विकलांगतेला डिसेबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला विकलांगतेचा भाग) वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे १२,०००. बोर्डाने विकलांगता ३० टक्के धरली तर ३,६००. ब्रॉड-बँडिंग (टक्केवारी वरच्या ठरावीक टप्प्यावर नेणं) लागू झालं की ३० चे ५० होतात, म्हणजे ६,०००. राम अवतार निकालाने, १० डिसेंबर २०१४ रोजी, हा लाभ पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही दिला. २० टक्क्यांच्या खाली मात्र सहसा दारच बंद.

पहिलं अपील नकार मिळाल्यापासून सहा महिन्यांत, दुसरं पुन्हा सहा महिन्यांत. अपिलावर सहा महिने उत्तरच आलं नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. उशीर झालेल्यांनाही तिथे बऱ्याचदा दाद मिळते, पण तरसेम सिंग निकालानुसार थकबाकी साधारण अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच.

(दृश्य: लष्करी रुग्णालयाचं प्रवेशद्वार.)

न्यायाधिकरण नव्याने मेडिकल बोर्ड बसवायला सांगू शकतं. डायलिसिसवर असलेल्यांनी त्या दिवशी एक गोष्ट सांभाळावी: रक्त डायलिसिसच्या आधी द्यायचं. नंतर दिलं तर क्रिएटिनिन खाली आलेलं दिसतं. सेशनची तारीख आणि वेळ असलेली डायलिसिस शीट बोर्डापुढे ठेवा, आणि नमुना कधी घेतला ते रिपोर्टवर लिहून घ्या.